मोठा चित्रप्रकल्प दर वेळी मध्येच अडतो: आधी काय तपासायचं

लक्षणं अशी असतात:

- फाइल उघडता, झूम करता, दोन रेघा मारता, अन्डू करता आणि बंद करता. सेव्ह करण्यासारखं काहीच झालेलं नसतं.
- पहिली आठ-दहा पानं (किंवा चित्रं) धडाक्यात झाली, त्यानंतरचं एकेक पान आठवडाआठवडा लोळतंय.
- पुढचं पान घ्यायच्या ऐवजी तिसरं पान 'जरा नीट करायला' घेता.
- अख्खी संध्याकाळ ब्रश शोधण्यात आणि डाउनलोड करण्यात जाते. रात्री वाटतं, आज बरंच काम झालं.
- नेमकी याच दिवसांत दुसऱ्याच प्रकल्पाची भन्नाट कल्पना सुचते, आणि तिचं पहिलं स्केच एका बैठकीत उतरतं.
- कुणी 'कुठवर आलं?' म्हटलं की तुम्ही विषय बदलता.
- 'माझ्यात शिस्तच नाही,' असं स्वतःला ऐकवता.

हे शेवटचं मी मुद्दाम लक्षणांमध्ये घातलंय. बहुतेक जण त्यालाच कारण समजतात आणि तिथेच शोध थांबवतात. मीही तेच करायचे. शब्द नसलेली ४० पानांची एक चित्रकथा मी करत होते, दीपगृहात आजोबांबरोबर राहणाऱ्या मुलीची. ती तीन वेळा बंद पडली, आणि तिन्ही वेळा १४व्या पानाच्या आसपास. तिच्या आधी ५० पोर्ट्रेटची मालिका १९वर थांबली होती, ती अजून तिथेच आहे. पुढे ओळखीतल्या चार-पाच जणांचे अडकलेले प्रकल्पही त्यांच्या शेजारी बसून उघडून बघितले. दर वेळी बिघाड सापडला तो फाइलमध्ये, वेळेच्या हिशोबात किंवा एखाद्या न जमणाऱ्या चित्रात. माणूस आळशी निघाला असं एकदाही झालं नाही.

खालच्या तपासण्या वरून खाली, याच क्रमाने करा. वरच्या फुकट आणि पाच मिनिटांच्या आहेत, खाली जाल तशा जड होतात. आणि हो, चित्र काढायचा नवा टॅबलेट घेणं ही तपासणी नाही. मी ती चूक करून बसलेय. पान १४ नव्या टॅबलेटवरही १४वरच राहिलं.

१. खुर्चीत बसल्यापासून पहिली रेघ पडेपर्यंत किती मिनिटं जातात?

मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. बसलात की सुरू, चित्रात राहणारी पहिली रेघ पडली की बंद. सलग तीन दिवस आकडा लिहून ठेवा.

माझा पहिला आकडा होता २३ मिनिटं. पेनची चार्जिंग संपलेली, वायर दुसऱ्या खोलीत, मग सॉफ्टवेअरचं अपडेट, आणि त्यानंतर 'पान१४_फायनल_नवीन२' उघडायचं की 'पान१४_फायनल_खरं' उघडायचं यावर विचार. दिवसाला एक तास मिळत असेल तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वेळ दारातच गेला.

ही तपासणी पहिली अशासाठी, की दुरुस्ती क्षुल्लक आहे आणि तिच्यावाचून पुढचं काहीच नीट कळत नाही. पेन रात्री चार्जिंगला लावायचं. सगळी पानं एकाच फोल्डरमध्ये, नावं आकड्यांत: पान१४_०१, पान१४_०२. 'फायनल' हा शब्द फाइलच्या नावात आणायचाच नाही. क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एस दाबलं की पुढच्या नंबरची प्रत आपोआप तयार होते, जुनी जागेवर राहते. विंडोजवर पेनचा दाबच लागेनासा झाला असेल तर आधी विंडोज इंकची (विंडोजची पेनसाठीची सोय) सेटिंग आणि टॅबलेटचा ड्रायव्हर बघा. त्याचा शिस्तीशी काही संबंध नाही.

आकडा पाच मिनिटांच्या आत आला की पुढे चला.

२. काल उठताना आज काय करायचं ते ठरलेलं होतं का?

'१४वं पान पुढे न्यायचं' हे काम नव्हे, ती इच्छा झाली. 'दुसऱ्या चौकटीतल्या आजोबांच्या कोटाचे फ्लॅट रंग (छटा न देता भरलेले सपाट रंग)' हे काम. ओळखायची खूण सोपी आहे: पेनाचं टोक कॅनव्हासवर नेमकं कुठे टेकवायचं ते सांगता आलं तर ते काम.

थकून बसलेल्या माणसाला ठरवणं जमत नाही, करणं जमतं. म्हणून ठरवायचं आदल्या दिवशी, हात गरम असताना. मी प्रत्येक फाइलमध्ये सगळ्यांत वर एक लेअर (चित्रावर ठेवलेला पारदर्शक थर) ठेवते, नाव 'उद्या'. उठायच्या आधी त्यावर लाल ब्रशने वेड्यावाकड्या अक्षरात लिहायचं आणि बाण काढायचा. १२व्या पानावर असं होतं: 'कंदिलाची काच. फक्त काच. ज्योत परवा.' दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की बाण समोर, काचेवर हात. काच वीस मिनिटांत झाली आणि ज्योतही त्याच दिवशी झाली, पण ती मोजायची नाही.

आणखी एक गोष्ट करून बघा: सोपं काहीतरी मुद्दाम अर्धवट ठेवून उठा. भिंतीच्या विटांची शेवटची रांग, केसांच्या चार बटा. रिकाम्या पानासमोर बसण्यापेक्षा अर्ध्या भिंतीसमोर बसणं फार सोपं जातं.

३. नेमक्या कुठल्या चित्रापाशी थांबता?

ही तपासणी बहुतेक जण टाळतात, म्हणून वरती आणली आहे. पैसे लागत नाहीत, फक्त थोडी लाज वाटते.

गेल्या महिन्याभरात ज्या ज्या दिवशी फाइल उघडून बंद केली, त्या दिवशी स्क्रीनवर काय होतं ते आठवा. माझ्याकडे दर वेळी एकच होतं: पान १४, चौकट तीन. मुलगी दीपगृहाचा गोल जिना उतरतेय आणि आपण वरून बघतोय. मी फाइल उघडायचे, झूम करायचे ते मुलीच्या वेणीवर, वेणीचे पेड चाळीस मिनिटं घोटायचे, आणि 'आज मूड नाही' म्हणून उठायचे. तिसऱ्या खेपेला कुठे लक्षात आलं, की मूडचा प्रश्नच नाही. वरून बघितलेला गोल जिना मला काढता येत नव्हता. तेवढंच.

न जमणारी गोष्ट 'मला हे येत नाही' असं सरळ सांगत नाही. ती कंटाळ्याचा वेष घेऊन येते. आणि कंटाळा समजून तुम्ही दुप्पट तास बसायचा निश्चय केलात, तर त्याच जिन्यासमोर दुप्पट तास अवघडून बसाल.

दुरुस्ती पानाच्या बाहेर करायची. नवा छोटा कॅनव्हास घ्या, त्यावर फक्त ती अडलेली वस्तू, अर्धा तास, आणि चित्र फेकून द्यायचंय असं धरूनच. जिन्याचं मी असं केलं: वरून तिरकं बघताना जिन्याची गोल कडा लंबगोल दिसते, तो लंबगोल काढला. मध्यभागी खांब. आधी सपाट वर्तुळाचे १२ भाग पाडून बघितले, मग त्याच रेघा लंबगोलावर बसवल्या. जवळच्या पायऱ्या रुंद, खोल जाणाऱ्या अरुंद. तीन वेळा बिघडलं. चौथ्यांदा ब्लेंडर हे त्रिमितीय आकार बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं (ते मोफत मिळतं), एक चपटा ठोकळा पायरी म्हणून घेतला, त्याच्या १२ प्रती केल्या, प्रत्येक प्रत आधीच्यापेक्षा ३० अंश फिरवलेली आणि थोडी खाली. कॅमेरा वर नेला, स्क्रीनशॉट घेतला, तो फिकट करून त्यावर रेघा काढल्या. फसवणूक वाटत असेल तर वाटू दे.

दुसरा मार्गही तेवढाच प्रामाणिक आहे: चौकट बदला. जिना खालून दाखवा, नाहीतर नुसती भिंतीवरची सावली दाखवा. गोष्टीला तो कोन खरंच हवा असेल तरच त्यासाठी झगडा.

४. काम वेळेला बांधलंय की हुकीला?

'२१ दिवसांत सवय लागते' हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१०मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. त्यात रोजची एखादी साधी कृती अंगवळणी पडायला मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसात फरक १८ ते २५४ दिवस इतका. त्या कृती म्हणजे फळ खाणं, थोडं धावणं अशा. लाइनआर्ट (चित्राच्या पक्क्या रेघा काढणं) त्याहून नक्कीच किचकट. तेव्हा तिसऱ्या आठवड्यात अजून स्वतःला ओढत आणावं लागत असेल तर ते ठीकच चाललंय.

मला त्यातलं जास्त उपयोगी वाटलं ते हे: एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की आठवडा सोडून देतो. म्हणून नियम एवढाच ठेवा: अमुक एका रोजच्या गोष्टीनंतर लगेच बसायचं, किमान १५ मिनिटं. खाडे मोजायचे नाहीत, बैठका मोजायच्या.

५. अर्धवट काम कुणाकुणाला दाखवता?

दोन टोकं बघितली आहेत. एक जण प्रत्येक रेघ सोशल मीडियावर टाकायचा, शाबासकी मिळायची, आणि पान पुरं करायची भूकच मरायची. दुसरीने दोन वर्षं कुणालाच दाखवलं नाही. पहिल्याने पान पुरं झाल्यावरच दाखवावं. दुसरीने एक माणूस निवडावा आणि ठरलेल्या वारी काय असेल ते पाठवावं, अभिप्राय न मागता.

६. फाइल हलतेय का?

ब्रश फिरवल्यावर रेघ मागून येते? सेव्हला मिनिटभर लागतं? मग मनाला दोष देण्याआधी गणित करा. ६००० × ८००० पिक्सेलचा कॅनव्हास म्हणजे ४ कोटी ८० लाख पिक्सेल. साध्या ८ बिट रंगात पारदर्शकतेसकट एका पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेअर साधारण १९२ एमबी. असे ६० लेअर भरले तर साडेअकरा जीबी. लेअर रिकामे असतील तिथे सॉफ्टवेअर जागा वाचवतं, पण मेमरी आठ जीबी असेल तर ते कुठवर पुरणार!

तुलनेला, ए-४ कागदावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. लेअर सुमारे ३५ एमबीचा. माझं पान ए-४ वरच छापायचं होतं आणि मी साडेपाचपट मोठं काढत होते, उगाच, 'असू दे' म्हणून.

ही तपासणी इथे अशासाठी, की ती करायला एक अख्खी दुपार लागते. चालू पानाची प्रत काढा, आकार कमी करा, पक्की झालेली लाइनआर्ट एका लेअरवर आणा, पार्श्वभूमीचे रंग एकत्र करा. मूळ फाइल तशीच ठेवा. रेघ मागून येत असली की हात आपोआप आखडतो, आणि आखडलेल्या हाताने काढलेलं आवडत नाही म्हणून आपण उठतो. यात बिचाऱ्या शिस्तीचा काय दोष?

७. जुन्या पानांवर परत जाता का?

जाणारच. लांब प्रकल्पात हात सुधारतो, त्यामुळे १४व्या पानाशेजारी पहिलं पान कच्चं दिसतं. ते दुरुस्त करता, मग चौथं कच्चं दिसतं. ही चक्की थांबत नाही, कारण दुरुस्त करतानाही हात सुधारतच असतो.

पुरी झालेली पानं सपाट चित्र म्हणून एक्स्पोर्ट करा आणि मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर हलवा, म्हणजे उठून जावं लागेल. एक वही ठेवा: 'पान ३, डावा हात लहान.' शेवटचं पान होईपर्यंत फक्त वहीत लिहायचं. माझ्या वहीत ३१ नोंदी झाल्या होत्या. शेवटी वाचल्या तेव्हा त्यातल्या ९ खरंच दुरुस्त करण्यासारख्या होत्या, बाकीच्यांतलं काय खटकलं होतं तेच कळेना.

प्रकल्प नव्याने सुरू करत असाल तर पानं क्रमाने काढूच नका. मधली आधी, पहिली चार सगळ्यांत शेवटी. वाचणारा सुरुवातीला तुमचा सरावलेला हात बघतो.

८. हिशोब कागदावर मांडलाय का?

इथून पुढे जड आहे. तीन पानांना लागलेला वेळ खरोखर मोजा, सगळे टप्पे धरून. मला वाटायचं पानाला चार तास लागतात. मोजल्यावर ९, ११ आणि १० निघाले. उरलेली पानं २७, म्हणजे २७० तास. आठवड्याला खरे मिळणारे तास ६. भागाकार: ४५ आठवडे. डोक्यात मी 'तीनेक महिने' धरून बसले होते.

अशी चूक सगळेच करतात. डॅनियल कानमन आणि एमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९मध्येच मांडलं होतं, की आधीच्या कामांना किती वेळ लागला हे माहीत असूनही माणूस पुढच्या कामाचा वेळ कमीच धरतो. पण हिशोब चुकलेला असला की दर महिन्याला आपण 'मागे' पडतो, आणि सतत मागे असलेला माणूस एक दिवस येणंच बंद करतो. प्रकल्प बंद पडतो तो बऱ्याचदा असा.

आकडा बघून छाती दडपली तर दोनच गोष्टी कापता येतात: पानं, नाहीतर प्रत्येक पानावरचं काम. मी दोन्ही कापली. ४० पानांची २६ केली. वादळाचा अख्खा प्रसंग गेला, आणि गोष्ट त्याच्यावाचून अडली नाही. शेडिंगचे तीन थर होते, त्यांचा एक केला. पानाला सात तास लागू लागले. उरलेली १३ पानं, ९१ तास, साधारण १५ आठवडे. प्रत्यक्षात १९ लागले, पण १९ आठवडे दिसत होते.

९. हे अजून पुरं करायचंय का?

आठही तपासण्या झाल्या, वाट मोकळी आहे, तरी हात जात नाही. मग प्रामाणिकपणे विचारा: आज कोऱ्या पाटीने सुरुवात करायची असती, तर हाच प्रकल्प घेतला असता का? उत्तर 'नाही' आलं तर बंद करा, पण रीतसर. झालेलं एक्स्पोर्ट करून फोल्डरला 'बंद' असं नाव आणि तारीख द्या. माझी पोर्ट्रेटची मालिका अशीच १९वर बंद केलेली आहे. अर्धवट टांगलेला प्रकल्प पुढच्या प्रत्येक प्रकल्पात डोकं घालतो, बंद केलेला घालत नाही.

इथे स्वतः खटपट थांबवा

हात: अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट यांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते, पेन निसटतं. पट्टा बांधून, गोळी घेऊन काम रेटू नका. मनगटातली नस दबल्याची ही खूण असू शकते, आणि दुखणं लांबवलं तर पकड कायमची कमी होऊ शकते. डॉक्टरांना दाखवा. ही गोष्ट बाकी सगळ्या तपासण्यांच्या आधी.

डिस्क: कटकट आवाज करतेय किंवा कधी दिसते, कधी गायब होते. बंद करा, काढून ठेवा. फाइली परत मिळवून देणारी सॉफ्टवेअर त्यावर पुन्हा पुन्हा चालवलीत तर जे वाचलं असतं तेही जाईल. डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आणि त्यानंतर तरी तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

मन: चित्रच नाही, एरवी आवडणारं काहीच आवडत नाही, झोप किंवा भूक बिघडलीय, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय. हा प्रकल्पाचा बिघाड नाही, वरच्या यादीत त्याचं उत्तर शोधू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा नेहमीचे डॉक्टर, कुणालाही आधी गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, आणि तोवर एकटे राहू नका.

लहानपणापासून प्रत्येकच गोष्ट अर्धवट राहत आलीय, अभ्यास, कागदपत्रं, बिलं, सगळंच? तर एडीएचडीची (लक्ष टिकवणं अवघड करणारी मेंदूची अवस्था) तपासणी करून घ्या. ती तज्ज्ञच करतो, इंटरनेटवरची प्रश्नावली नाही. माझ्या एका मैत्रिणीने वरच्या नऊ तपासण्या दोनदा केल्या होत्या. मी तिला तिसऱ्यांदा करायला लावणार होते, त्याऐवजी ती डॉक्टरांकडे गेली, हे बरं झालं.

दुरुस्ती झाली की

एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे बैठका मोजा. सगळं एकदम बदललंत तर कशाने चाललं ते कळणार नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल. परत अडलात तर थेट तिसऱ्या तपासणीपासून सुरू करा. माझं २२व्या पानावर पुन्हा थांबलं होतं. या वेळी घोडा होता.